दहा दिवस धूपमध्ये

संक्रांतीच्या वाणाच्या बाबतीत मी हट्टी आहे, आणि खरं सांगायचं तर थोडी खुनशीही. इंदिरानगरमधल्या आमच्या गल्लीत संक्रांत ते रथसप्तमी रोज कुणाकडे तरी हळदीकुंकू असतं आणि प्रत्येकीकडून काही ना काही वाण मिळतं. प्लास्टिकचे डबे, स्टीलच्या वाट्या, चहाच्या गाळण्या. एका वर्षी मला चार गाळण्या मिळाल्या. चौथी देणारीकडे बघून मी गोड हसले आणि घरी येऊन नवऱ्यावर ओरडले, त्या बिचाऱ्याचा काही संबंध नसताना. तेव्हाच मनाशी ठरवलं की आपण असं काही तरी द्यायचं, जे कुणाला कपाटात कोंबता येणार नाही आणि पुढच्या वर्षी दुसरीच्या गळ्यात मारताही येणार नाही.

ते मला गेल्या वर्षी सापडलं, आणि सापडलं ते आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर.

खाली आम्ही राहतो आणि वर माझी मोठी जाऊ. त्यांचं माहेर पेठकडचं, डोंगरातल्या एका खेड्यातलं. लग्न होऊन नाशकात येऊन त्यांना तीस वर्षं होऊन गेली, पण राग आला किंवा आनंद झाला की तोंडून ‘लय’ आणि ‘हाय’ निघतंच. मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. दिवसभर अर्ज आणि दाखले बघून माझं डोकं फिरलेलं असतं, आणि घरी आले की जिन्यावरून जाऊबाईंचा आवाज येतो, “तुझ्या कढीपत्त्याला वास लागलाय, फ्रिजमधल्या. काढून टाक.” फ्रिज बंद, दार बंद, त्या वरच्या मजल्यावर. आणि कढीपत्ता खरंच काळा पडलेला असतो.

त्यांच्या नाकाचे किस्से सांगायला बसले तर संध्याकाळ पुरणार नाही. दूध नासणार आहे हे त्यांना आदल्या दिवशी कळतं. माझ्या नवऱ्याने लपून सिगरेट ओढायला सुरुवात केली तेव्हा मला कळायच्या आधी त्यांना कळलं होतं, पण त्या मला काही बोलल्या नाहीत. त्यांनी त्याला एकट्याला गच्चीवर बोलावून घेतलं आणि त्या दिवसापासून त्याची सिगरेट सुटली. तिथे काय बोलणं झालं हे दोघांनीही मला अजून सांगितलेलं नाही. मला याचा राग येतो आणि कौतुकही वाटतं, दोन्ही एकदमच.

माझे मोठे दीर सहा वर्षांपूर्वी गेले. चालताबोलता माणूस, दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. त्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी जाऊबाईंना हळदीकुंकवाला बोलावलं नाही. कुणी तसं सांगितलं नव्हतं. सासूबाई कधीच्याच गेलेल्या, घरात मोठं माणूस म्हणावं तर जाऊबाईच. पण मी गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन बोलावणं करून आले आणि आमच्याच घरातल्या दहा पायऱ्या चढले नाही. जाऊबाई त्या दिवशी सकाळीच पिशवी भरून पेठच्या जीपने माहेरी गेल्या. मग दर वर्षी तसंच होऊ लागलं. मी तारीख ठरवायची आणि त्यांनी त्या तारखेला माहेरी जायचं. एका वर्षी त्यांचा पाय मुरगळला होता, म्हणून त्या वरच होत्या. एका बाईने विचारलं, “मोठ्या वहिनी दिसत नाहीत?” आणि मी तिळगूळ वाटता वाटता म्हणाले, “गावाला गेल्यात.” वर पंखा बंद होता. त्यांना ते ऐकू गेलं असणारच. ही सगळी वर्षं त्या हळदीकुंकवाची वाट बघत होत्या हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी ठाऊक नसल्यासारखं वागत होते, एवढंच.

अत्तराची गोष्ट सुरू झाली ती माझ्या मुलीमुळे. ती पुण्याला नोकरीला आहे. दिवाळीला येताना तिने एक सेंटची बाटली आणली, काळी, जड, झाकणाला चांदीची कड. रात्री उमलणाऱ्या पांढऱ्या फुलांचा वास आहे म्हणे त्यात. तिने माझ्या मनगटावर फवारा मारला, मग जाऊबाईंच्या. मला फार आवडला. जाऊबाईंनी डोळे मिटून बराच वेळ वास घेतला. “गुलछडी हाय,” त्या म्हणाल्या. “आणि जाईसारखं काही तरी. चांगलंय.” मग भाजी निवडायला बसल्या. तासाभराने त्यांनी पुन्हा मनगट नाकाला लावलं आणि मान हलवली.

“काय झालं?” माझ्या मुलीने विचारलं.

“याला बूड नाय गं. वरवर लय छान, पण खाली काहीच नाय. गेलं सगळं उडून.”

मुलगी हसली. “मग तुम्ही करून दाखवा बूड असलेलं!”

तिने गमतीत म्हटलं होतं. पण जाऊबाई भाजी निवडायच्या थांबल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तिळावर होईल.”

त्यांच्या आजीला ही रीत ठाऊक होती म्हणे. धुतलेले पांढरे तीळ पसरायचे, त्यावर फुलं, पुन्हा तीळ, पुन्हा फुलं, आणि झाकून ठेवायचं. तीळ फुलांचा वास पितात. दुसऱ्या दिवशी ती फुलं काढून टाकायची, ताजी घालायची. असं पंधरा-वीस दिवस. मग ते तीळ घाण्यावर गाळायचे की फुलांच्या वासाचं तेल निघतं. तीळ म्हटल्यावर माझ्या डोक्यात लगेच संक्रांत वाजली. मी म्हटलं, “ताई, आपण हेच वाण देऊ या का? छोट्या छोट्या बाटल्या भरून?” मी ‘आपण’ म्हटलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी बघितलं नाही, कारण मी मनात आधीच बाटल्या मोजायला लागले होते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला जुंपलं. शाळेतून सुटल्यावर स्कूटरवर पंचवटीतल्या फुलबाजारात जायचं आणि गुलछडी आणायची, पण उमललेली नाही, कळ्या. पहिल्या दिवशी मी छान टपोरी उमललेली फुलं घेऊन आले, तर त्यांनी नाक मुरडलं. “ही दमली बाजारातच. आता यांच्याकडे द्यायला काय नाय.” त्यांचं म्हणणं असं, की पांढऱ्या फुलांचं खरं काम अंधारात असतं. दिवसा रंगीत फुलांकडे माशी-फुलपाखरू रंग बघून येतं. अंधारात रंग कुठला दिसायला, म्हणून पांढऱ्या फुलांचा सगळा जोर वासावर. दिवे लागायच्या सुमाराला कळी तिळात ठेवली की ती तिथेच उमलते आणि तिचा पहिला, सगळ्यात दाट वास तिळाला मिळतो. उजाडलं की काढायचीच. एक दिवस मी सकाळी गडबडीत होते, म्हटलं राहू दे दुपारपर्यंत. त्यांनी मला हात लावू दिला नाही, स्वतः पाटावर बसून एकेक फूल वेचून काढलं. “दुपारच्या फुलाला कुजका वास येतो. एक दिवस चुकला की सगळं गेलं.”

मी आयुष्यभर गुलछडीला हाराचं फूल समजत आले होते. देवाला, लग्नाला, मयताला, सगळीकडे तेच. त्या वीस दिवसांत मला कळलं की तिला तीन वास असतात. आधी देठाचा हिरवट, ओला. मग दाट, सायीसारखा. आणि अगदी शेवटी थोडासा रबरासारखा, जो नको असतो, आणि तो यायच्या आत फूल बाहेर काढणं हीच सगळी कला. हे मला कोणत्या पुस्तकात वाचायला मिळालं असतं? चौथी शिकलेल्या माझ्या जावेने मला पाटावर बसवून ते शिकवलं, आणि मी पदवीधर बाई तोंड उघडं ठेवून ऐकत होते.

तेल काढायला आम्ही लाकडी घाण्यावर गेलो. हल्ली शहरात असे घाणे पुन्हा निघालेत. घाणेवाला तीळ ओतायला लागला तशा जाऊबाई म्हणाल्या, “थांबा. यात शेंगदाणा गाळलाय.” तो म्हणाला, “मावशी, धुऊन घेतलाय सकाळी.” त्या घाण्यात वाकल्या, वास घेतला, आणि त्याच्याकडे नुसतं बघत राहिल्या. त्या माणसाने मुकाट्याने घाणा पुन्हा धुतला. मग जाऊबाईंनी पिशवीतून साधे तीळ काढले आणि आधी ते गाळायला लावले, उरलासुरला शेंगदाणा त्यांच्याबरोबर निघून जावा म्हणून. ते साधे तीळ त्यांनी घरूनच आणले होते. घाण्यात शेंगदाणा असणार हे बाईंनी आधीच धरलं होतं.

तेल निघालं ते गढूळ. वास मात्र असा, की घाणेवाला पेंड गोळा करायची विसरला. पण गढूळ तेल बाटलीत कसं भरणार? मी म्हटलं, मी विचारून येते. जुन्या नाशकात एक म्हातारे अत्तरवाले आहेत. बसायला एक माणूस आणि उभं राहायला एक, एवढंच त्यांचं दुकान. मी शाळेतून परस्पर तिथे गेले. ते हिंदीत बोलतात, मी माझ्या हिंदीत. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कुछ नहीं करना है बेटी. दस दिन धूप में रख दो. अपने आप साफ हो जाएगा.”

दुकानाबाहेर येऊन एका हाताने स्कूटर सावरत, दुसऱ्या हाताने मी जाऊबाईंना मेसेज टाकला. “दहा दिवस धूपमध्ये ठेवा.”

आता आम्ही शहरातली माणसं असंच बोलतो. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, मध्ये जमेल तसं इंग्रजी, आणि समोरच्याला कळतंही. माझ्या मुलीला कळलं असतं, नवऱ्याला कळलं असतं. पण मी तो मेसेज पाठवला होता त्या बाईला, जिच्या माहेरी सालईच्या झाडाचा डिंक निखाऱ्यावर टाकतात आणि त्याला धूप म्हणतात. तिचा मामा सुरगाण्याच्या जंगलातून दर वर्षी तिला तो पिशवीभर आणून देतो. वासाच्या तेलाबद्दल विचारायला गेलेली जाऊ सांगते की धूपमध्ये ठेवा. यात न कळण्यासारखं काय होतं?

दहाव्या दिवशी, रविवारी, मी गच्चीवर गेले. बरणी नाही. मला वाटलं त्यांनी खाली नेली असेल. त्यांच्या स्वयंपाकघरात आले तर ओट्यावर एका पातेल्यात गरम पाणी, पाण्यात बरणी, आणि बरणीत मलमलच्या फडक्याची एक पुरचुंडी तरंगते आहे. घरभर धुपाचा वास.

“हे काय?”

“धूप,” त्या म्हणाल्या. “रोज संध्याकाळी ऊन पाण्यात बसवते बरणी, म्हणजे तेलात उतरतो नीट. आज दहा दिवस झाले. बरणीला आधी धुरी पण दिली होती.”

वीस दिवसांची फुलं, घाणा, बाजाराच्या चकरा, आणि त्यात यांनी डिंक घातला! मी ओरडले. फार ओरडले. “ताई, उन्हात ठेवायचं होतं! उन्हात! धूप म्हणजे ऊन!”

“कुठं?”

“कुठं म्हणजे? हिंदीत!”

“मग तू मला हिंदीत कशाला लिहिलंस?” त्याही चिडल्या. “मराठीत ऊन हाय की! एवढं चांगलं ऊन असताना धूप कशाला लिहायचा? मला काय ठाऊक तू अर्ध्यातनं हिंदीत गेलीस ते!”

मी ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या अर्जातल्या चुका लाल पेनाने काढते. मी खुर्चीत बसले आणि मला रडू यायला लागलं. जाऊबाईंनी गॅस बंद केला, पुरचुंडी काढून पिळली, आणि तेलाचा एक थेंब बोटावर घेऊन माझ्या हातावर लावला. “आधी बघ तरी,” म्हणाल्या. “रड मग.”

आधी काहीच वेगळं वाटलं नाही. गुलछडी, ओली, हिरवट. मग ती दाट झाली. मला वाटलं आता नेहमीसारखी ओसरणार. पण ती ओसरली नाही, ती बसली. तिच्याखाली काही तरी ऊबदार होतं, जरासं लिंबासारखं, जरासं मधासारखं, आणि त्याच्याही खाली एक शांत, कोरडा धूर. फूल मागे सरलं की तो पुढे यायचा आणि त्याच्या आडून पुन्हा फूल यायचं. संध्याकाळी अंगणात पाणी मारून दिवा लावल्यावर जी पाच मिनिटं असतात, दिवस संपलेला आणि रात्र पुरती न आलेली, ती पाच मिनिटं माझ्या हातावर तासन्‌तास होती. वास रात्री जेवताना होता. सकाळी उठले तेव्हा उशीला होता. मी कामाला जाताना जिन्यातून वर ओरडले, “ताई! आहे अजून!”

वरून शांत आवाज आला. “बूड मिळालं त्याला.”

तेलही निवळलं होतं. सगळा गाळ खाली बसला होता. मी एका छोट्या बाटलीत थोडं घेऊन अत्तरवाल्यांकडे गेले, खरं म्हणजे मिरवायला. त्यांनी काडीने हातावर लावलं, एकदा वास घेतला, खाली ठेवलं, पाणी प्यायले, परत वास घेतला. मग चष्मा काढला.

“ये किसने बनाया?”

“मेरी जेठानी ने.”

“मैंने तो धूप में रखने को कहा था.”

“रखा ना! धूपमेंच रखा!” मी म्हटलं आणि सगळा घोळ सांगितला. म्हातारे इतके हसले की त्यांना खोकला लागला. पण हसणं संपल्यावर त्यांनी ती बाटली मला परत दिली नाही. दोन्ही हातांनी धरून म्हणाले, “बेटी, ये मेरे पास रहने दो. उनसे कहना, सलाम बोला है.” मी तो सलाम वर पोचवला. जाऊबाई कणीक मळत होत्या. त्या संध्याकाळी त्यांनी पुरणाच्या पोळ्या केल्या, सण नसताना.

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही दोघी माझ्या हॉलमध्ये बाटल्या भरायला बसलो. बोटाएवढ्या चाळीसेक बाटल्या. त्या नळीने तेल सोडायच्या, मी बूच लावायचे. समोरच्या घरातल्या काकू काही तरी परत करायला आल्या. गल्लीत त्यांच्या शब्दाला मान आहे. माझ्या बाळंतपणात त्यांनी मला स्वतःच्या हाताने डिंकाचे लाडू करून दिलेत. त्यांनी वास घेतला आणि म्हणाल्या, “अगं बाई, काय सुरेख! कुठून आणलंस?”

“यांनी केलंय,” मी जाऊबाईंकडे बोट दाखवलं.

काकूंनी बाटली खाली ठेवली. जाऊबाई रिकाम्या बाटल्या आणायला आत गेल्या, तसा काकूंनी आवाज खाली आणला. “त्यांच्या हातचं वाण? सवाष्णींना? मला काही नाही गं, पण बायका बोलतील.”

माझं डोकं फिरलं. मी काकूंना सुनावलं, की ज्यांच्या हातात एवढी कला आहे त्या हाताला नाव ठेवणाऱ्या बाईने माझ्याकडे येऊच नये. मी बरंच काही बोलले, आणि बोलताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला. काकू निघून गेल्या. जाऊबाई आतून रिकाम्या बाटल्या घेऊन आल्या, बसल्या, आणि नळी पुन्हा हातात घेतली. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हात मात्र जराही हलत नव्हता. एक थेंब बाहेर सांडला नाही.

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी मी वर गेले. त्यांची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती.

“ताई, आज जायचं नाही,” मी म्हटलं. “आज तुम्ही खाली यायचं. बायकांना अत्तर तुम्ही लावायचं.”

त्यांनी पिशवी उचलली. मग म्हणाल्या, “प्रत्येकीच्या हातावर ते कसं बसतं ते बघायचंच होतं मला.” आणि पिशवी आत नेली.

संध्याकाळी त्या खाली आल्या, फिकट निळ्या साडीत. मी दाराशी हळदीकुंकू लावायचे, तिळगूळ द्यायचे, आणि बाई पुढे जाऊबाईंसमोर जायची. हाताच्या मागच्या बाजूला काडीने एक थेंब. ज्या बाईला लावायच्या तिला म्हणायच्या, “आता वास नको घेऊ. पाच मिनिटं थांब, मग घे.” आणि बाया खरंच थांबायच्या! माझ्या हॉलमध्ये पंधरा-वीस बायका हातावर हात ठेवून गप्प बसल्या आहेत असं दृश्य मी पहिल्यांदाच बघितलं. मग एकदम सगळीकडून “अगं बाई!” सुरू झालं. कुणाच्या हातावर फूल पुढे होतं, कुणाच्या हातावर धूप. जाऊबाई एकेकीचा हात हातात घेऊन वास बघत होत्या आणि सांगत होत्या, “तुझं अंग गरम हाय, तुझ्यावर लवकर उमलतंय.” इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. कौतुकाने माझा ऊर भरून आला होता.

काकू सगळ्यात शेवटी आल्या. येतील असं मला वाटलं नव्हतं. मी कुंकू लावलं. त्या जाऊबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या, पण हात पदराखालीच. मी काही तरी बोलणार तेवढ्यात जाऊबाईंनी काडी खाली केली.

“काकू, तुमच्या बोटांना लसूण हाय सकाळचा,” त्या म्हणाल्या. “हातावर नाय बसायचं हे. मनगटावर लावू का, वरच्या अंगाला?”

मग काकूंनी पदराखालून हात काढला, बोटं नाकाशी नेली, आणि त्यांना हसू फुटलं. “लसणाची चटणी केली होती गं,” त्या म्हणाल्या आणि मनगट पुढे केलं. जाऊबाईंनी थेंब लावला. काकू पाच मिनिटं थांबल्या नाहीत, लगेच वास घेतला, आणि मग जाऊबाईंच्या शेजारीच खुर्ची ओढून बसल्या.

मला वाटलं, झालं. यापेक्षा आणखी काय हवं असतं?

बायका निघायला लागल्या तेव्हा कोपऱ्यावरच्या घरातली नवी सून जाऊबाईंपाशी आली. मनाने चांगली मुलगी आहे. ती म्हणाली, “मोठ्या काकू, परवा आमच्याकडे हळदीकुंकू आहे. तुम्ही याल का अत्तर लावायला?”

जाऊबाईंनी तिच्या गालाला हात लावला. “अत्तर लावायला नाय येणार, बाळ,” त्या म्हणाल्या. “हळदीकुंकवाला बोलाव. मग येते.”

त्यांनी हे अगदी हळू म्हटलं. त्या मुलीचा चेहरा उतरला, आणि तिचा उतरला तेव्हा मला माझे सकाळचे शब्द ऐकू आले. मीही अत्तर लावायलाच बोलावलं होतं. संध्याकाळभर चाळीस कपाळांना माझं बोट लागलं होतं, आणि दोन हात अंतरावर बसलेल्या जाऊबाईंच्या कपाळाकडे मी वळून बघितलं नव्हतं. काकूंना सुनावणारी मीच ती.

मी हळदीकुंकवाची कोयरी उचलली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. बायका दारात होत्या, चपला शोधत होत्या, त्या थांबल्या. मी म्हणाले, “ताई, मी हळदीकुंकवाला बोलवायला आले आहे.”

त्यांनी कोयरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच, जिन्यावरून यायचा तसा.

“लय वर्षं लावलीस गं,” त्या म्हणाल्या, आणि कपाळ पुढे केलं.